वेगळा गणपती

"की साइझ, मिस्ये?" त्या मुलीनं विचारलं, आणि तुलसीरामच्या हातातला स्वेटर हातातच राहिला. प्रश्न साधाच होता: साहेब, माप कुठलं? क्वात्र बॉर्नच्या कपडेबाजारात सकाळपासून हजारदा विचारला गेला असेल. विषुववृत्ताखालच्या या बेटावरची ऑगस्टची थंडी, वरून भुरभुर पाऊस, ताडपत्रीखाली कारखान्यांतून बाद होऊन आलेल्या स्वेटरांचे ढीग आणि त्या ढिगामागं उभी असलेली एकोणीस-वीस वर्षांची मुलगी. पन्नाशी उलटलेल्या, चष्मा लावलेल्या गिऱ्हाइकाला मिस्ये नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? पण तुलसीरामनं मान वर केली तेव्हा समोर इंद्राणी होती. सख्ख्या धाकट्या भावाची, चंद्रमोहनची थोरली मुलगी. पहिल्यांदा समुद्र दाखवायला तिला खांद्यावर घेऊन गेला होता तो हाच माणूस. तिनं आपल्याला ओळखलं नाही असं त्याला क्षणभर वाटलं. वाटलं म्हणण्यापेक्षा, तसंच असू दे अशी त्यानं मनातल्या मनात विनवणी केली. "तू इंद्राणी ना गं?" त्यानं विचारलं. "वी," ती होकारार्थी मान हलवत म्हणाली, "मी लांबनंच वळखलं तुमाला. चालण्यावरनं." मग हातातल्या स्वेटराची बाही उगाच सरळ करत, खाली बघत तिनं पुढं जोडलं, "मोठेबाबा म्हणणार होते. पण एवढी माणसं हायत हितं. वाटलं, तुमाला नको असंल." तेवढ्यात दोन बायका येऊन तिच्याशी क्रेओलमध्ये, बेटावरच्या रोजच्या बोलीत, घासाघीस करू लागल्या आणि ती तिकडं वळली.

त्यानं मापाबिपाचा विचार न करता हाताला लागला तो स्वेटर घेतला आणि बाजाराबाहेर पडला. माणसानं शिवी दिली तर निदान उलट शिवी देता येते. ‘तुमाला नको असंल’ याला उत्तर काय देणार? ती रागानं म्हणाली असती तर एक वेळ बरं झालं असतं. पण तिच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती. चारचौघांत या प्रतिष्ठित माणसाची पंचाईत होऊ नये, एवढंच त्या पोरीनं पाहिलं होतं. म्हणजे गावी, शमें ग्रेनिएला, भावाच्या घरात आपल्याविषयी हे असं बोललं जातं तर. किंवा बोललंच जात नाही, आणि हे नुसतं मुलांना कळलेलं आहे. तुलसीराम फुटपाथवरून घराकडं चालला होता आणि डोक्यावर या खांबापासून त्या खांबापर्यंत पताका फडफडत होत्या. निवडणूक पुन्हा आली होती. यंदा चतुर्थी आणि मतदान एकाच आठवड्यात. लोक पक्षांना नावांनी ओळखत नसत, मतपत्रिकेवरच्या खुणांनी ओळखत; हृदयवाल्यांच्या पताका या बाजूला आणि सूर्यवाल्यांच्या त्या. चार वर्षांपूर्वी याच पताकांकडं बघताना त्याची छाती फुगायची. आज त्या ओल्या कापडांकडं मान वर करून बघायचीही त्याला शरम वाटली, आणि आपल्याला शरम वाटते आहे हे त्यानं त्या वेळी पहिल्यांदाच स्वतःशी कबूल केलं.

घर शमें ग्रेनिएचं. पणजोबा रत्नागिरीकडून जहाजानं इकडं उसाच्या मळ्यात आले तेव्हा त्यांच्याबरोबर एक कांबळं, एक तांब्या आणि गणपतीची आठवण एवढंच होतं म्हणे. ऊस गोऱ्या मालकाचा, झोपडी मालकाची, पण भाद्रपदातला गणपती स्वतःचा. नदीकाठची माती आणायची, आईच्या जुन्या लुगड्यातून गाळायची, कापूस घालून मळायची आणि घरातच मूर्ती करायची. तुलसीरामला नोकरी लागली, तो क्वात्र बॉर्नला बिऱ्हाड करून राहिला, पोर्ट लुईच्या सरकारी कचेरीत फायली सरकवू लागला, तरी चतुर्थीच्या आधीच्या रविवारी तो गावी जायचा म्हणजे जायचा. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून दोघं भाऊ नदीत उतरायचे. अंग, हात, सोंड तुलसीराम करायचा. डोळे चंद्रमोहन रेखायचा, कारण त्याचा हात स्थिर. दिवसभर कोयता चालवणाऱ्या माणसाचा हात इतका स्थिर कसा, याचं तुलसीरामला नेहमी नवल वाटायचं, आणि थोडा हेवाही. बाबा असताना त्यांनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं की घरं वेगळी करा, चुली वेगळ्या करा, भांडलात तर भांडा, पण गणपती वेगळा करायचा नाही. एका घराण्याचा एकच, आणि तो जिथं बसेल तिथं बाकीच्यांनी जायचं. बाबांचा आणखी एक नेम होता. चतुर्थीच्या आदल्या दिवशी हळदीचे तांदूळ घेऊन ते भावकीत घरोघरी आवतण द्यायला जायचे. शेजारच्या भिंतीपलीकडं राहणाऱ्या चुलत्यालासुद्धा आवतण. आवतणाशिवाय आपल्या माणसानंही यायचं नाही आणि आवतण दिल्याशिवाय आपण पूजेला बसायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. लहानपणी हे सगळं तुलसीरामला फार लांबण लावल्यासारखं वाटायचं.

ब्याऐंशीच्या जूनमध्ये दोघं भाऊ एकाच बाजूला होते, हे आज कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. अख्खा देशच एका बाजूला होता. साठच्या साठ जागा निवडून आल्या तेव्हा चंद्रमोहननं दादाला मिठी मारून उचललं होतं आणि आई म्हणाली होती, "खाली ठेव रं त्याला, पाडशील." एकोणऐंशीच्या संपात चंद्रमोहन मळ्यावर गेला नाही, तेव्हा त्याच्या घरी तांदळाची गोण कोण घेऊन गेलं होतं? तुलसीरामच. आणि मग नऊ महिन्यांत सरकार फुटलं. राष्ट्रगीत क्रेओलमध्ये म्हणायचं की काय यावरून गहजब झाला, शाळेत भारतीय भाषा राहणार की जाणार यावरून माणसं कोपऱ्याकोपऱ्यावर हमरीतुमरीवर आली. खरं कारण वर बसलेल्यांनाच ठाऊक; खाली आलं ते भय. हृदय राहिलं क्रेओलवाल्यांकडं, सूर्य उगवला भारतीय भाषा राखू म्हणणाऱ्यांकडं. गावात चिन्यांची दोन दुकानं होती. एकात हृदयवाले जायला लागले, दुसऱ्यात सूर्यवाले, आणि त्या दोघा बापड्या दुकानदारांना तर अजून मत कुणाला द्यायचं तेही ठरवता आलं नव्हतं. रोझ बेलकडं ठरलेलं एक लग्न मोडलं. कचेरीत वीस वर्षं एका डब्यातून जेवणारे दोन कारकून वेगळ्या खिडक्यांशी बसून जेवू लागले. आणि तुलसीराम एका मराठी मंडळाचा चिटणीस होता. सभा भरवायच्या, ठराव लिहायचे, शाळेत मराठी शिकणाऱ्या मुलांची संख्या कशी घटते आहे हे गंभीर चेहऱ्यानं सांगायचं, हे त्याचं काम. आपण मूठभर, हे त्यानं लहानपणापासून ऐकलं होतं. मूठभर माणसांना आपण पुसले जाऊ अशी भीती दाखवायला फार वेळ लागत नाही. त्याला ती भीती खरीच वाटली होती. एवढं तरी त्याच्या बाजूनं म्हणता येईल.

पहिली ठिणगी पडली शिरगणतीच्या वेळी. त्र्याऐंशीच्या जुलैमध्ये कागद घेऊन सरकारी माणूस गावी आला, तेव्हा तुलसीराम मुद्दाम जाऊन बसला होता. मंडळानं ठरवलंच होतं, घरोघरी जाऊन लोकांकडून मराठी लिहवून घ्यायचं. "पूर्वजांची भाषा?" "मराठी," चंद्रमोहन म्हणाला. "घरात बोलता ती?" "क्रेओल." तुलसीराम म्हणाला, "तिथंही मराठीच लिहा." चंद्रमोहन हसला. त्याला वाटलं दादा गंमत करतोय. मग त्याचं हसू गेलं. "दादा, खोटं कशाला लिवायचं? आईसंगं मी मराठी बोलतो, पोरींसंगं क्रेओल. तू तुज्या पोरासंगं, देवराजसंगं काय बोलतोस? फ्रांसे!" "प्रश्न तो नाही," तुलसीराम म्हणाला. "मंग कुठला? त्ये भाषेचं भ्या घालतायत नि तू भितोस. मळ्यावरली माणसं कमी करतायत त्याचं कोण इचारतंय? आपला बा उसात राबला तवा मालकानं इचारलं होतं का, तुजी भाषा कुठली म्हणून?" शब्दाला शब्द वाढला. तू विकला गेलास, तू आंधळा झालास. सरकारी माणूस पेन हातात धरून बिचारा या तोंडाकडून त्या तोंडाकडं बघत होता. शेवटी आई आतून म्हणाली, "लिवा काय ते, चा निवतोय." त्यावर दोघांपैकी एक जण जरी हसला असता तरी पुढचं सगळं टळलं असतं, असं तुलसीरामला पुढं पुष्कळदा वाटलं. चंद्रमोहन हसण्याच्या बेतात होता. तुलसीरामनं चहा न घेता चपला घातल्या.

पण ते भांडण घरातलं होतं. ते मिटलं असतं. सभेतलं मिटलं नाही. ऑगस्टमध्ये शमें ग्रेनिएच्या तिठ्यावर लॉरी उभी करून सूर्यवाल्यांची सभा झाली आणि गावचा शिकलेला माणूस म्हणून तुलसीरामला वर चढवलं. त्याला भाषणाची सवय होती, ती मंडळात, पंचवीस माणसांपुढं. इथं पाचशे माणसं, कर्णे, आरोळ्या. समोर रस्त्यापलीकडं हृदयवाले हाताची घडी घालून उभे, त्यांत चंद्रमोहन. तुलसीराम भाषेविषयी बोलला, पणजोबांच्या कांबळ्याविषयी बोलला, आणि टाळ्या पडू लागल्या तसा त्याला चेव चढला. "परक्यांना काय दोष द्यायचा?" तो ओरडला. "आपल्याच घरात अशी माणसं आहेत की ज्यांना आईची लाज वाटते!" पाचशे माणसांनी एकदम मान वळवून चंद्रमोहनकडं पाहिलं आणि एक मोठा हशा उठला. चंद्रमोहन जागचा हलला नाही. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. लहानपणी दादानं उगाच थोबाडीत मारली की व्हायचा तसा, काय झालं ते न कळलेला चेहरा होता. आणि हशा ओसरताना तुलसीरामला चिन्याच्या दुकानाच्या पायरीवर आई दिसली. डोक्यावर पदर, हातात तेलाची बाटली. मोठा मुलगा बोलणार म्हणून ऐकायला आली असावी. तिनं थोडा वेळ लॉरीकडं पाहिलं आणि ती घराच्या वाटेनं चालू लागली. कर्ण्यांच्या खरखरीत तिला नीट ऐकू आलं नसेल, असं तुलसीरामनं स्वतःला सांगितलं. ते तो इतक्या वेळा सांगत आला की बरीच वर्षं त्याला ते खरं वाटलं. ज्या आईच्या नावानं त्यानं टाळ्या घेतल्या, तिच्याशी त्या दिवशी दोन शब्द बोलायलाही तो लॉरीवरून उतरून गेला नाही.

सूर्य निवडून आला. तीन आठवड्यांनी चतुर्थी आली. आधीचा रविवार उजाडला आणि तुलसीराम सकाळपासून तयार होऊन दिवाणखान्यात बसला; कुणीतरी बोलवायला येईल, निदान शेजारच्या दुकानात टेलिफोन येईल. वास्तविक कधीच कुणी बोलवायला येत नसे, तो आपला आपण जात असे. पण त्या वर्षी त्याला बोलावणं हवं होतं. जिंकलेल्या माणसाला ते हवं असतं. दुपारी त्यानं बायकोला, सत्यवतीला सांगितलं, "यंदा आपला गणपती इथं बसवू." ती भाजी निवडत होती, तिचे हात थांबले. "गणपती वेगळा करत नाहीत हो. निदान सासूबाईंना तरी विचारा." "विचारायचं काय त्यात? ज्यांना आपलं काही ठेवायचंच नाही त्यांच्या घरात तो बसवायचा कशाला?" सत्यवती म्हणाली, "एकदा आणलात की दर वर्षी आणावा लागेल. मग तुम्हांला त्या दिवशी गावी जाता यायचं नाही." तो म्हणाला, नाही तर नाही. तिनं सांगितलं ते इतकं साधं होतं की त्यानं त्याचा विचारच केला नाही. मूर्ती विकत आणली, टीव्ही हलवून तिथं चौरंग मांडला, मंडळाची सगळी माणसं आली, एक बडा अधिकारीसुद्धा येऊन गेला. दुसऱ्या दिवशी गाड्यांची रांग करून फ्लिक-आँ-फ्लाकच्या समुद्रात विसर्जन झालं. फोटो निघाले. मूर्तीचे डोळे साच्यातून रंगवलेले, सगळ्या मूर्तींचे एकसारखे. ते आपल्याकडं बघत नाहीत असं त्याला पूजेच्या वेळी वाटलं होतं, पण असलं काही तो कुणाजवळ बोलला नाही.

आवतण द्यायचं मात्र त्याच्या मनातही आलं नाही. खोटं कशाला, आलं होतं. आदल्या दिवशी सत्यवतीनं हळदीचे तांदूळ वाटीत काढून ठेवले होते. ती वाटी दोन दिवस कपाटावर होती, मग कुणीतरी उचलून ठेवली. आणि पंधरा दिवसांनी गावाकडून बातमी आली की चंद्रमोहनच्या घरी यंदा गणपती बसलाच नाही. तुलसीरामला धक्का बसला, आणि धक्क्याच्या मागोमाग एक समाधान आलं, ते त्याला आज आठवलं की तोंड कडू होतं. मंडळाच्या बैठकीत त्यानं ती बातमी पुरावा म्हणून सांगितली. बघा, आधी भाषा जाते, मग देव जातो. माझ्या सख्ख्या भावाचं उदाहरण देतो. सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढच्या वर्षी पुन्हा तेच ऐकू आलं आणि त्यानं पुन्हा तेच सांगितलं.

आई पंच्याऐंशीच्या मार्चमध्ये गेली. तुलसीराम पोचला तेव्हा अंगणात बांबूचा मांडव पडला होता, लग्नाला घालतात तोच साल-व्हेर, आणि त्याखाली बाकांच्या दोन रांगा. डाव्या रांगेत हृदयवाले, उजव्या रांगेत सूर्यवाले. कुणी कुणाला तसं सांगितलं नव्हतं, माणसं आपोआप तशी बसली होती. तिरडी उचलताना एका दांड्याला तो, दुसऱ्या दांड्याला चंद्रमोहन. मधे आई, आणि स्मशानापर्यंत दोघांत एक शब्द नाही. परतल्यावर घरात शिरताना त्यानं गणपतीच्या कोनाड्याकडं पाहिलं होतं. रिकामा होता. अगदी स्वच्छ सारवलेला, पण रिकामा. त्यानं मनाशी म्हटलं, आईच्या शेवटच्या दोन चतुर्थ्या या माणसानं तिला देवाविना घालायला लावल्या. तेवढं म्हणून त्याचं रडूही थांबलं. दहाव्याला तो गेला, तेराव्याला गेला, आणि त्यानंतर गावी गेला नाही.

हे सगळं तुलसीरामच्या मनात काही एका ओळीनं आलं नाही. रविवारची संध्याकाळ, सोमवारची कचेरी, पुन्हा संध्याकाळ, असं ते तुकड्यातुकड्यानं येत राहिलं, आणि मधूनमधून ती ‘तुमाला नको असंल.’ मंगळवारी सकाळी तो सत्यवतीला म्हणाला, "मी गावी जाऊन येतो." तिनं कपाटातून त्याची छत्री काढून दिली आणि म्हणाली, "रिकाम्या हातानं जाऊ नका." बसमध्ये बसल्यावर त्याला जरा बरं वाटू लागलं, कारण त्याच्याजवळ एक बेत होता. चंद्रमोहनला सांगायचं, झालं गेलं विसर. गणपती पुन्हा बसव. मूर्ती मी आणून देतो, भटजींना मी सांगतो. पूजा झाली की दुपारून मी आणि सत्यवती इकडं येतो. मोठ्या भावानं मोठेपणा दाखवायचा असतो, तो आपण दाखवू. रोझ बेलला बस बदलेपर्यंत या बेताचं छानसं भाषणच तयार झालं होतं आणि त्यात दोन ठिकाणी त्याचा आवाज भरून येणार होता. त्यापुढं दोन्ही बाजूंना ऊस लागला, तुरे आलेला. चंद्रमोहन म्हणेल, आता कशाला आलास? तसं म्हणाला तर मागं फिरायला दुसरं घर नव्हतं. भाऊ एकच होता.

चंद्रमोहन घरामागच्या तुकड्यात टोमॅटोंना काठ्या बांधत होता. दादाला बघून त्याच्या हातातली सुतळी गळाली. "आयो, दादा! काय झालं? वयनी बरी हाय ना? देवराज?" कुणीतरी मेल्याखेरीज हा माणूस येणार नाही हे त्यानं धरूनच चाललं होतं. "सगळी बरी आहेत," तुलसीराम म्हणाला, "सहज आलो." चंद्रमोहननं हात धोतराला पुसावेत तसे पँटला पुसले आणि वाकून पायांना हात लावला, पूर्वी लावायचा तसाच. त्याचे केस पांढरे झाले होते. आत निर्मलानं, त्याच्या बायकोनं, खुर्ची पुढं केली, चहा ठेवला. इंद्राणीनं रविवारी मोठेबाबांची गाठ पडल्याचं सांगितलं होतं; थंडीचा स्वेटर बरा मिळाला का, असं निर्मलानं विचारलं. कुणी टोमणा मारला नाही, कुणी तोंड वाकडं केलं नाही. हे असलं वागणं तुलसीरामच्या भाषणात कुठं बसत नव्हतं. कोनाडा समोरच होता. स्वच्छ, पांढरा रंग दिलेला आणि रिकामा.

"चंद्र्या," त्यानं सुरुवात केली आणि आवाज ठरल्या जागेच्या फार आधीच भरून आला. "झालं गेलं जाऊ दे. माझंही चुकलं असेल. परवा चतुर्थी आहे. यंदा गणपती पुन्हा बसव. तू देव सोडावास, हे काही... बाबांना काय वाटत असेल? मूर्ती मी देतो."

चंद्रमोहन त्याच्याकडं बघत राहिला. तोच चेहरा, काय झालं ते न कळलेला. "सोडला?" तो म्हणाला. "मी कवा सोडला? आपला गणपती तर तुज्याकडं हाय."

"माझ्याकडं माझा आहे."

"तुजा नि माजा असा कुठं असतोय, दादा? एका घराण्याचा एकच. बाबांनी दोघांना सांगितलंय. तू थोरला, तू नेलास, म्हणजे त्यो तिकडं गेला. आता मी हितं दुसरा बसवला असता तर वेगळा मी केला असता. मी लेकेरवाला, हृदयवाला असंन, पन येवढं मला कळतंय."

बाहेर लॉरीवरचा कर्णा घोषणा देत रस्त्यानं गेला. चार वर्षं ज्या रिकाम्या कोनाड्याकडं बोट दाखवून तो सभा जिंकत आला होता, तो कोनाडा त्याच्याचमुळं रिकामा होता, हे तुलसीरामला बसल्या जागी कळलं. बाबांचं सांगणं ‘आईची लाज वाटणाऱ्या’ भावानं पाळलं होतं आणि मंडळाच्या चिटणिसानं मोडलं होतं. "मग मला सांगायचंस," तो कसाबसा म्हणाला. "यायचं होतंत तिकडं. घर काय परक्याचं होतं?"

"कसं येणार?" चंद्रमोहन म्हणाला. त्याच्या आवाजात अजूनही भांडण नव्हतं, आणि तेच सोसवत नव्हतं. "आवतण नाय. गणपती ज्याच्या घरात, आवतण त्यानं द्यायचं. पयल्या वर्षी वाटलं, मतं आत्ताच झालीत, दादा रागात असंल. दुसऱ्या वर्षी वाटलं, आता येईल. मंग आई गेली. मंग आमी वाट बघायचं सोडलं. म्हणलं, त्याला नको असंल."

तुलसीरामनं निर्मलाकडं पाहिलं. ती दारात उभी राहून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. नवऱ्यानं मान हलवून तिला नको म्हणून खुणावलं, पण ती बोललीच. "सासूबाई दोन्ही वर्षं बसल्या होत्या, भावजी. चवथीला पहाटेच न्हायच्या, ते हिरवं लुगडं नेसायच्या नि हितं वट्यावर येऊन बसायच्या. शेजारणींना सांगायच्या, तुळशीकडं चाललेय, गणपतीला. मी म्हणायची, आई, आवतण आलं नाय, काय तरी खावा. तर म्हणायच्या, माज्या पोराचं मला कसलं आवतण, त्यो गाडीच पाठवील. रस्त्याला मोटार वाजली की उठायच्या. दुपार टळली की म्हणायच्या, समुद्राकडं गर्दी असतीय, अडकली असंल गाडी. मंग आपल्या आपणच उठायच्या, लुगडं बदलायच्या, घडी घालून ठेवायच्या. दुसऱ्या वर्षी त्यांना उठताना मी हात दिला."

सभेत बोललेलं आईला ऐकू आलं होतं का, हे विचारायचं तुलसीरामच्या अगदी ओठावर आलं. पण आता त्याला काही अर्थ नव्हता. ऐकू आलं असलं तरी ती बसली होती. त्याला मोठ्यानं रडावंसं वाटलं आणि रडायचा हक्क या घरात आपल्याला नाही असंही वाटलं. तो खुर्चीवरून उठला. हळदीचे तांदूळ त्यानं आणले नव्हते, सत्यवतीनं दिलेली मिठाईची पुडी तेवढी होती, तीच त्यानं दोन्ही हातांत धरली आणि बाबा उंबऱ्याबाहेर उभे राहून म्हणायचे तसं, तितक्याच औपचारिकपणे, धाकट्या भावापुढं उभं राहून म्हटलं, "परवा चतुर्थी. आपला गणपती आमच्याकडं आहे. लहानथोर सगळ्यांनी यायचं. चुली बंद ठेवायच्या." शेवटचे शब्द नीट उमटले नाहीत.

चंद्रमोहननं पुडी घेतली आणि कपाळाला लावली. "येतो, दादा," तो म्हणाला, आणि तोंड फिरवून मागच्या दारातून टोमॅटोंकडं बघत राहिला.

"मी गाडी घेऊन येईन," तुलसीराम म्हणाला. "मी स्वतः."

"किती वाजता?" निर्मलानं विचारलं.

"सातला."

"नक्की काय ते सांगा, भावजी," ती म्हणाली. "दुपारपातुर बसून ऱ्हायला आमच्यानं व्हायचं नाय."

तुलसीरामनं नक्की सात म्हणून सांगितलं. तिनं मान डोलावली, कप उचलले आणि ती आत गेली. आणि तिचा आपल्या शब्दावर विश्वास बसलेला नाही, हे त्याला तिच्या पाठीवरूनही कळत होतं.